परक्या गावचे फोटो

आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला येणाऱ्या पाहुण्यांना चकली-करंजीबरोबर आणखी एक पदार्थ मुकाट्याने घ्यावा लागतो, तो म्हणजे माझे फोटो. बायकोची बशी संपली की माझी सुरू होते. टीव्हीला वायर जोडायची, दिवाणखान्यातला दिवा मालवायचा आणि इस्तंबूलपासून टोकियोपर्यंतचे रस्ते एकामागून एक दाखवत सुटायचं. पाहुणे सभ्य असतात. ते ‘वा!’ म्हणतात, घड्याळाकडे पाहतात आणि लाडू संपेपर्यंत बसतात. एका चुलतभावाने मात्र एकदा विचारलं, “अरे, यात आयफेल टॉवर कुठे आहे?” त्या दिवसापासून त्याच्याशी माझं फारसं बोलणं नाही.

कारण माझ्या फोटोंत आयफेल टॉवर नसतो. पुतळे, राजवाडे, कारंजी यांचे फोटो पोस्टकार्डावर माझ्यापेक्षा चांगले मिळतात. मला हवी असतात ती रस्त्यावरची माणसं. आमच्या लहानपणी परदेश पाहायचा तो पुस्तकांतून. पु. लं.च्या ‘अपूर्वाई’त तर फोटोंच्या जागी शि. द. फडणिसांची चित्रं होती, आणि त्या चित्रांतली माणसं पाहून मला वाटायचं की तिकडे सगळेच जण इतके मजेदार दिसत असतील. नोकरीतून मोकळा झाल्यावर ते प्रत्यक्ष पडताळून पाहायला निघालो. आजमितीला माझ्याकडे अठराएक हजार फोटो आहेत. त्यांत नऊ देशांचे भाजीवाले, पोस्टमन, म्हाताऱ्या, भांडणारी नवरा-बायको आणि पेंगणारे पोलीस आहेत.

आणि घोटीचा एकही फोटो नव्हता. घोटी म्हणजे माझी सासुरवाडी. पण तिकडे जरा दमाने येतो.

अनोळखी शहरात फोटो काढायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. पहिल्या सकाळी कॅमेरा पिशवीतच ठेवायचा आणि मंडई शोधायची. जगातलं कुठलंही शहर असो, मंडई पहाटेच जागी होते, आणि भाजी उतरवणाऱ्या माणसाला आपल्याकडे बघायला सवड नसते. दुसऱ्या दिवशी असा एखादा कोपरा धरायचा की जिथे भिंतीवर तिरपं ऊन पडलं आहे, आणि मग उभं राहायचं. माणसांमागे धावायचं नाही. माणसं आपोआप उन्हात येतात. कॅमेरा लहान हवा. मोठी नळी रोखली की समोरच्याला बंदुकीची आठवण होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बूट जुने हवेत.

यात माझं स्वतःचं काही नाही. हे सगळं हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच माणसाने कधीच करून ठेवलं आहे. हा १९४७-४८ साली हिंदुस्थानात होता. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रं साऱ्या जगाने पाहिली. आपल्या चिमुकल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग तो काळ्या पट्टीने झाकून टाकी, म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर चमक येणार नाही. १९५२ साली त्याचं पुस्तक निघालं. इंग्रजीत त्याचं नाव ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाचं, मोठं भारदस्त आहे. मूळ फ्रेंच नाव मात्र अगदी रस्त्यावरचं. परवान्याशिवाय फूटपाथवर पथारी पसरून बसलेला फेरीवाला एक डोळा पोलिसावर ठेवून माल विकतो ना, त्या घाईगर्दीच्या, चोरट्या विक्रीला फ्रेंचात जो शब्द आहे, तोच त्याने फोटोंना लावला. मला हे नाव जास्त प्रामाणिक वाटतं. अनोळखी माणसाचा फोटो काढताना पोटात जी किंचित भीती असते ती त्यात आहे.

ती भीती मला बर्लिनला पुरती कळली. २०१७ सालची गोष्ट. तिथे नॉयक्योल्न भागात कालव्याच्या काठी मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. बरेचसे विक्रेते तुर्की, त्यामुळे आरडाओरडा अगदी आपल्यासारखा. एक बाई टोमॅटो असे निरखून पाहत होत्या, जसं आपण स्थळ पाहतो. मी फोटो काढला. बाई शांतपणे टोमॅटो खाली ठेवून माझ्याकडे आल्या आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, “हा पुसून टाका.” मी पुसला. त्यांनी पडद्याकडे पाहून खात्री करून घेतली, आभार मानले आणि परत टोमॅटोंकडे गेल्या. माझे कान दिवसभर लाल होते.

रात्री मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मराठी कुटुंबातल्या गृहस्थांनी मला यामागचा इतिहास सांगितला, तो ऐकण्यासारखा आहे. १८९८ साली बिस्मार्क वारला. त्याच रात्री हँबुर्गचे दोन फोटोग्राफर लपूनछपून त्याच्या खोलीत शिरले आणि मॅग्नेशियमच्या उजेडात त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. तो विकायचा त्यांचा बेत होता. घरच्यांनी कोर्टात धाव घेतली, फोटो जप्त झाला. पण असं करू नये असं सांगणारा धड कायदाच नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. तो कायदा १९०७ साली झाला: माणसाचं चित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करायचं नाही. काही अपवाद सोडले तर तो आजही चालू आहे. जपानची तऱ्हा वेगळी. तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलमधल्या कॅमेऱ्याचा ‘खटक्’ आवाज बंदच करता येत नाही. कोणी चोरून फोटो काढला तर चार लोकांना कळावं म्हणून. टोकियोच्या आगगाडीत तो आवाज झाला की डबाभर माना वळतात. तिथे मी देवळांचे पुष्कळ फोटो काढले.

पण खरं सांगायचं तर सगळ्या शहरांत माझा जीव जडला तो इस्तंबूलवर. तिथे गेलो तो २०१४ साली. त्या गावाचा एक फोटोग्राफर होता, आरा ग्युलेर. १९२८ साली जन्मला, २०१८ साली वारला आणि मधली सगळी वर्षं त्याने आपल्याच गावाचे फोटो काढले. धुक्यातल्या बोटी, कोळी, हमाल, दारूच्या गुत्त्यात बसलेली एकाकी माणसं. ओरहान पामुकच्या इस्तंबूलवरच्या पुस्तकात त्याचे फोटो आहेत. लोक त्याला कलावंत म्हणायचे तर हा चिडायचा. मी बातमीदार आहे, म्हणायचा. बेयोग्लू भागात त्याच्या नावाचं कॉफीघर होतं. तिथे मी दोन दिवस लागोपाठ जाऊन बसलो. तो दिसला नाही, पण कॉफी चांगली होती.

गलाटा पुलावर दिवसभर गळ टाकून लोक उभे असतात. पुलाखालच्या मजल्यावर खाणावळी. वर गळाला लागलेला मासा खालच्याच खाणावळीत जातो की काय, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पुलाच्या एमिनोन्यू बाजूला मसाल्यांचा बाजार आहे आणि त्यामागे ताहताकाले नावाचं गल्ल्यांचं जाळं. आपल्या लोहार चाळीत आणि मंगळदास मार्केटात वाढलेल्या माणसाला तिथे एका मिनिटात घरी आल्यासारखं होतं. त्या गल्ल्यांतून चहावाले फिरतात. तीन सळ्यांना टांगलेली पितळी थाळी, तिच्यावर कमरेत बारीक असलेले चहाचे पेले, आणि गर्दीतून वाट काढताना ती थाळी अशी झुलते की आता सांडणार. पण सांडत नाही.

असा एक चहावाला मला आवडला. पन्नाशीचा असेल, पोट सुटलेलं, मिशा आपल्या फौजदारासारख्या. मी तीन सकाळी त्याच्या वाटेवर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी तो थांबला आणि थाळीतला एक पेला माझ्या हातात देऊन, उभा राहून, छाती पुढे काढून म्हणाला, “फोटो!” असे छाती काढलेले फोटो मला नको असतात. तरी काढला. नंतर तो पाठ फिरवून चालू लागला, थाळी झुलली आणि त्याला काही तरी आठवून तो मागे वळून हसला. तो माझा फोटो. अठरा हजारांतला पहिल्या पाचांत येणारा. चहाचे पैसे देऊ लागलो तर त्याने घेतले नाहीत. खिशातल्या बिलाच्या पाठीमागे त्याने नाव आणि पत्ता लिहून दिला आणि खुणेने सांगितलं, पाठव. मी छातीवर हात ठेवून मान डोलावली. ते बिल मी प्रवासाच्या पुस्तकात खूणचिठी म्हणून घातलं.

लिस्बनच्या गल्लीतली एक आठवण सांगितली नाही तर पुढचं नीट लागणार नाही. २०१९ साली तिथल्या मोरारिया या जुन्या, गरीब वस्तीत गेलो होतो. चढणीच्या अरुंद गल्ल्या, दोरीवर कपडे. तिथे एका गल्लीच्या भिंतींवर मोठमोठे फोटो दिसले, कागदाचे नव्हेत तर भिंतीवरच छापल्यासारखे. सगळे म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांचे. कॅमिला वॉटसन नावाची ब्रिटिश फोटोग्राफर त्या वस्तीत राहायला आली, शेजाऱ्यांचे फोटो काढले आणि ते त्यांच्याच गल्लीतल्या भिंतींवर उमटवले. मी गेलो तेव्हा एक आजीबाई आपल्याच फोटोखाली खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी आधी भिंतीकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवलं. मी मनाशी म्हटलं, कल्पना चांगली आहे, पण पावसात कितपत टिकेल? आणि पुढे गेलो.

आता घोटी.

मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याला थांबते. तिथे मागून जादा इंजिनं लागतात आणि ती गाडीला ढकलत थळ घाट चढवून इगतपुरीला आणून सोडतात. १८६५ साली हा घाट आगगाडीला खुला झाला आणि तेव्हापासून मुंबईकराला इगतपुरी हे नाव पाठ आहे. त्याच्या पुढचं स्टेशन घोटी. ते कोणाला पाठ नाही, कारण मोठ्या गाड्या तिथे थांबतच नाहीत. आम्ही नेहमी इगतपुरीला उतरून मिळेल त्या वाहनाने घोटीला जातो. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. इथून एक फाटा सिन्नरकडे जातो, एक भंडारदऱ्याकडे. तालुक्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. त्यामुळे शेती भाताची आणि धंदा तांदळाच्या गिरण्यांचा. पावसाळा सरून आभाळ निवळलं की दक्षिणेला कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर असं स्वच्छ दिसतं, की हात लांबवला तर लागेल.

या गावाचा मी १९८६ पासून जावई. सासऱ्यांना सगळं गाव अण्णा म्हणे. त्यांची लहानशी भाताची गिरणी. दिवाळी झाली की बैलगाड्यांतून, पुढे टेंपोंतून भात यायला लागे. अण्णा पोत्यात हात घालून चार दाणे काढत, त्यातला एक दाढेखाली धरत. ‘कट्’ असा आवाज आला की भात वाळला आहे. दाणा दबला तर ओला, चार दिवस थांबा. त्या एका दाण्यावर भाव ठरे आणि त्यांच्या दाढेबद्दल कोणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. गिरणीत सगळीकडे कोंड्याची पिवळी धूळ. दुपारी कवलांच्या फटीतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या आत येत आणि त्या धुळीतून अण्णा चालत आले की असे दिसत… कसे दिसत ते आता लिहून काय उपयोग? तसल्या उजेडासाठी मी लिस्बनला चार-चार तास उभा राहिलो आहे.

मग इथे फोटो का काढला नाही? खोटं कशाला सांगू, मला लाज वाटायची. परक्या शहरात आपण कोणीच नसतो. तिथे माझं नाव, गाव, पगार, कशाचाच कोणाला पत्ता नाही. त्या बळावर मी वाटेल त्या गल्लीत कॅमेरा काढतो. घोटीच्या रस्त्यावर दहा पावलं टाकली तर पाच जण म्हणतात, “या जावईबापू, कधी आलात?” कॅमेरा काढला तर उभ्या बाजाराने टोप्या सारख्या केल्या असत्या. शिवाय सासुरवाडीत जावयाने इकडेतिकडे फिरायचं नसतं. जावयाने लोडाला टेकून बसायचं असतं. मी अडतीस वर्षं टेकून बसलो. लक्ष्मीपूजनाला अण्णा तराजूला हळदकुंकू वाहत, नव्या चोपडीवर स्वस्तिक काढत, तेव्हा मी समोरच असे, आणि माझ्या मनात तिकडच्या सुट्टीचे बेत चाललेले असत. त्यातून अण्णा आणि मी, दोघेही कमी बोलणारे. “प्रवास बरा झाला?” “झाला.” “पाऊस कसा मुंबईला?” “आहे.” एवढ्यावर आमची दिवाळी पार पडत असे. ते माझ्यासमोर कधी मोठ्याने हसले नाहीत. जावई म्हटला की तेवढा आब राखायचा, अशी त्या पिढीची रीत.

२०२४ च्या मार्गशीर्षात अण्णा गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते, झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी माझा मेहुणा माझ्याजवळ आला आणि अगदी सहज म्हणाला, “दाजी, अण्णांचा एक चांगलासा फोटो काढून द्या ना तुमच्याकडचा. दहाव्याला लावायला हवा.”

मी मोबाइल काढून शोधायला लागलो. इस्तंबूलचे कोळी गेले, लिस्बनच्या ट्राम गेल्या, बर्लिनचे टोमॅटो गेले. नातवंडांच्या वाढदिवसाच्या एका फोटोत अण्णांचा अर्धा खांदा होता. मेहुणा वाट पाहत उभा होता. सौ. दारातून माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरात शोधाशोध झाली. आमच्या लग्नातला एक मोठा फोटो निघाला. त्यात अण्णा मागच्या रांगेत, फेट्याखाली, आणि नेमकं कोणाचं तरी कोपर त्यांच्या हनुवटीवर आलेलं. दुसरा आधार कार्डावरचा. त्या कार्डावरचा माणूस आपला कोणी लागतो हे कबूल करायला धैर्य लागतं. गावातल्या स्टुडिओवाल्याने तो मोठा करून, मागे निळं आभाळ घालून आणला, तेव्हा घरातलं सर्वांत लहान मूल म्हणालं, “हे कोण?” दहावा आणि तेरावा त्या फोटोवर झाला. चंदनाच्या हाराने बराचसा झाकला होता, तेवढंच बरं.

तेराव्यानंतर मेहुण्याने जुन्या चोपड्या आवरायला काढल्या. अण्णा शेवटपर्यंत लाल कापडाची चोपडीच वापरत. गिरणीत संगणक आला तरी रोजमेळ त्यांच्या हातचा. २०११-१२ च्या चोपडीच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटला होता. मेहुण्याने तो सोडवला, पाहिला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.

फोटो होता. अण्णांचा, गिरणीच्या दारात, पोत्याजवळ. मी सवयीने आधी चुका पाहिल्या: फ्रेम डावीकडे कललेली, तराजू अर्धा कापलेला, कोपऱ्यात एका बैलाचं शेपूट. आणि मधोमध अण्णा, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, दात दिसेपर्यंत, पोट धरून हसत होते. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मागे इंग्रजीत फक्त ‘घोटी’ आणि तारीख.

मग गिरणीतल्या जुन्या मापाड्याला बोलावलं. त्याला सगळं आठवत होतं. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचं केंद्र आहे, धम्मगिरी. तिथे देशोदेशीचे लोक येतात, दहा दिवस एक शब्द न बोलता बसतात, आणि बाहेर पडल्यावर काही जण आसपास भटकतात. तशीच एक परदेशी मुलगी बाजाराच्या दिवशी घोटीत आली होती. “दहा दिस मुकी बसलेली, मंग काय, सगळ्यांशी हसत सुटली व्हती,” मापाडी म्हणाला. अण्णा दाणा चावून पाहत होते, ते तिने पाहिलं. तिने हात पुढे केला. अण्णांनी चार दाणे दिले. तिने चारही एकदम तोंडात टाकले, चावले आणि तुसाचं कुसळ टोचल्यावर असं काही तोंड केलं, की अण्णांना हसू आवरेना. तेवढ्यात तिने कॅमेरा लावला. बस्स, एवढीच गोष्ट. बसायला पाट दिला, चहा दिला, जाताना कोळपी तांदळाची पुडी बांधून दिली. पत्ता मात्र तिने नीट लिहून घेतला.

मेहुण्याला कल्पना सुचली. अण्णा कसे होते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्याने फोटोमागची तारीख पाहिली आणि रोजमेळ चाळला. त्या दिवसाच्या खाली, अण्णांच्या ठसठशीत अक्षरात, नावे बाजूला लिहिलं होतं: ‘परदेशी पाहुणी, कोळपी १ किलो.’ पैशाच्या जागी आडवी रेघ. पुढे चार-साडेचार महिन्यांनी, चैत्रात, जमा बाजूला: ‘परदेशी पाहुणी, फोटो १ नग, टपालाने. बाकी नाही.’

सौ. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पाकीट काही सापडलं नाही. परदेशी तिकीट म्हणून कोणा पोराला दिलं असणार. त्यामुळे ती मुलगी कुठल्या देशाची, हेही आम्हाला ठाऊक नाही. मापाड्याला विचारलं तर म्हणतो, “गोरी व्हती.” माझ्यासारखीच ती. कुठल्या तरी घरी हजारो फोटो घेऊन बसली असेल. घोटीचं नावही तिच्या शेजाऱ्यांना माहीत नसेल. पण हा एक फोटो तिने कागदावर उतरवला, पाकिटात घातला आणि टपालाच्या पेटीपर्यंत चालत गेली.

मुंबईला परत आल्यावर मी पहिल्या दिवशी इस्तंबूलचं पुस्तक शोधलं. बिल होतं. दहा वर्षांत छापील बाजू पुसून पांढरी झाली होती, पण मागची बॉलपेनची शाई शाबूत. तो फोटो घेऊन मी मुंबईतल्या मोठ्या दुकानात जाऊ शकलो असतो. पण अण्णांचा हसरा फोटो मोठा करायचा होताच, तो घोटीच्याच स्टुडिओत करावा असं सौ.चं म्हणणं पडलं, म्हणून दोन्ही तिथे नेले. स्टुडिओवाल्याने चहावाल्याकडे निरखून पाहिलं आणि अदबीने विचारलं, “हे कोण? नाशिककडचे पाहुणे का?” मी म्हटलं, “हो, जवळचेच.” त्याने मिशांवर आणखी थोडा उजेड टाकून दिला. दोन प्रती काढल्या, एक छाती काढलेला आणि एक हसणारा. मला कुठला आवडतो याच्याशी त्याला काय करायचं? त्याने मागितला होता तो छाती काढलेला.

घोटीच्या टपालातून पाकीट गेलं. उत्तर आलेलं नाही. ती गल्ली, ती चहाची भट्टी आता तिथे असेल की नाही, कोण जाणे.

अण्णांचा फोटो गिरणीत लागला, बैलाच्या शेपटासकट. ते कापावं असं मी सुचवलं होतं, मेहुणा म्हणाला, “राहू दे, आपल्याच दावणीचा होता.”

त्यानंतरच्या बाजाराला मी कॅमेरा घेऊन घोटीत उतरलो. छाती जरा धडधडत होती. बर्लिनलाही एवढी धडधडली नव्हती. नागली, वरई, खुरासणीची पोती, सुकट-बोंबलाचा वास, विळे-कोयते, मडकी, सगळं होतं तिथेच, अडतीस वर्षं. एक बाई बांबूची सुपं आणि टोपल्या मांडून बसल्या होत्या. टोपल्यांच्या उतरंडीमागून नुसता त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यावर जाळीतून ऊन पडलं होतं. मी वाकून कॅमेरा लावला. लिस्बनमध्ये असतो तर तीन फोटो काढून पसार झालो असतो.

“अण्णाशेठचं जावई ना तुम्ही?”

मी हो म्हटलं.

“मंग काढा. पण पुढल्या बाजाराला आनून द्या. मागं एक जन टीव्हीवाला काढून गेला, त्यो पुन्यांदा दिसला न्हाई.”

त्यांचं ऐकून शेजारची मडकीवाली पदर सारखा करून बसली, पलीकडच्या म्हाताऱ्याने टोपी झटकली, आणि मला ज्याची अडतीस वर्षं भीती वाटत होती तेच झालं. सगळा बाजार सरळ बसला. मी खिशातली वही काढून लिहून घेतलं: सुपंवाल्या मावशी १, मडकीवाली १, टोपीवाले बाबा २ (एक मुलीकडे पाठवायला), विळेवाले दोघे भाऊ १. पाच प्रती.

पुढच्या बाजाराला त्या घेऊन मी पुन्हा गेलो. सौ. म्हणाली, लग्न झाल्यापासून माझ्या माहेरी इतक्या लगबगीने निघालेले तुम्ही पहिल्यांदाच दिसता. सगळ्यांनी आपापला फोटो घेतला, पिशवीत, टोपीत, पदराच्या आत ठेवला. सुपंवाल्या मावशींनी मात्र आपला उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

“यात म्या टोपल्यांच्या आड गेले,” त्या म्हणाल्या. “सुपं दिसत्यात, मी न्हाई. दुसरा काढा. आन् सावकाश काढा, पळायचं न्हाई.”

मग त्या टोपल्या बाजूला सारून, गुडघ्यांवर हात ठेवून, सरळ समोर बघत बसल्या. मी काढला. तो पुढच्या बाजाराला द्यायचा आहे.